भोकातलं सोनं

मला कोणी सल्ला विचारत नाही, आणि विचारत नाहीत तेच बरं, असं मी बरीच वर्षं मानत आलो. भोकरदनच्या एका वाचनालयात मी नोकरी केली. वाचकाने पुस्तक मागितलं की कपाटातून काढून द्यायचं. चांगलं आहे का असं त्याने विचारलंच, तर "बघा वाचून" म्हणायचं. एवढ्यावर नोकरी निभावली. त्यामुळे माझा भाचा कल्याण हसनाबादहून मोटारसायकलवर आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "मामा, तुमच्याबिगर हे काम होणार न्हाई," तेव्हा हा घर चुकला असावा असं मला वाटलं.

त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर हळद-कुंकवाने माखलेलं एक सोन्याचं नाणं होतं. कुंकवाच्या थरातून चार मिनार डोकं वर काढून उभे होते.

"वळखा बरं."

"अशरफी," मी म्हणालो. "निजामाची. म्हणजे असावी. खात्रीने नाही सांगता येणार."

"जुगलकिशोर शेठबी हेच म्हनले. अन् त्यांनी खात्रीनं सांगितलं."

जुगलकिशोर शेठ जालन्याचे कापडवाले. दुकानाच्या मागच्या खोलीत ते जुन्या नाण्यांचा व्यवहार करतात. आधी त्यांना छंद होता, मग धंदा झाला. ज्यांच्या छंदाचा धंदा होतो अशा माणसांकडे मी नेहमी आदराने आणि थोड्या धास्तीने पाहतो. माझा छंद वाचनालयातल्या नाण्यांवरच्या दोन पुस्तकांपुरता होता. ती दोन पुस्तकं माझ्या साऱ्या नोकरीत माझ्याशिवाय कोणी घरी नेली नाहीत. माझ्याकडे स्वतःची म्हणाल तर थोडी तांब्याची नाणी आहेत. ती इतकी झिजली आहेत की ती नाणी आहेत हे पाहुण्यांना सांगावं लागतं.

"आईच्या देवघरातली लक्ष्मी हाय ही," कल्याण म्हणाला. "पणजोबापासून हाय घरात. शेठला फोटो धाडल्ता. ते म्हनले, सोन्याच्या भावाच्या दुप्पट तर कुठंच गेली न्हाई. कंडिशन चांगली असली तर अजून वर. पुढच्या रविवारी घरी येऊन राह्यले बघायला. आपल्याला समृद्धीच्या इंटरचेंजजवळ एक प्लॉट धरायचाय, इसारापुरतं भागतं बघा. फकस्त हे कंडिशन म्हंजे काय, ते नीट सांगा."

मग मी बोललो. इतका सलग मी कधी बोललो होतो, मला आठवत नाही.

"नाण्याची किंमत दोन गोष्टींवर असते. किती उरली आहेत, आणि कशी उरली आहेत. काठ शाबूत पाहिजे. अक्षरं उठून दिसली पाहिजेत. टाकसाळीतून निघताना अंगावर जी झळाळी असते, ती राहिली पाहिजे. ती गेली की घासून परत येत नाही. घासून चकचकीत केलेलं नाणं म्हणजे कलप लावलेला म्हातारा. लांबून तरुण दिसतो, पण जवळून…"

मी थांबलो, कारण कल्याणचा हात आपोआप स्वतःच्या केसांकडे गेला होता.

"आई तर दर दिवाळीला सगळे देव चिंचेनं घासती," तो म्हणाला.

"हिलाही?" मी विचारलं.

"हिला न्हाई. आजीनं सांगून ठिवल्तं, लक्ष्मी घासायची न्हाई, झिजती. नुसती दुधानं धुती, अन् हळद-कुंकू."

"मग वाचली. पण आता धुणं, पुसणं, बोट लावणं सगळं बंद. डबीत ठेवायची. धरायचीच वेळ आली तर काठाला धरायची."

सोन्याला बोटाच्या घामाने फारसं काही होत नाही, हे मला नंतर आठवलं. पण तेव्हा मी रंगात आलो होतो.

"अन् भोक?" कल्याणने विचारलं. "आमच्या गावात पुष्कळ जनीकडं हायेत अशी, पण गळ्यात घालायला भोकं पाडलेली."

"भोक पडलं की संपलं. संग्राहक त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. उरतो तो फक्त धातूचा भाव."

"आपल्या लक्ष्मीला भोक न्हाई," कल्याण अभिमानाने म्हणाला, जणू भोक नसणं हे त्याच्या घराण्याचं कर्तृत्व होतं. तो समाधानाने गेला. मीही समाधानाने बसलो, आणि त्या समाधानाची मला लगेच भीती वाटू लागली.

भीती खरी ठरायला वेळ लागला नाही. नंदाबाईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला.

"भाऊ, काय सांगितलं ओ तुमी पोराला? माझ्या लक्ष्मीला त्यानं डबीत कोंडलंय! हात लावू देईना. म्हनतो, मामानं सांगितलंय."

फोनवर मी काहीतरी पुटपुटलो आणि दुसऱ्या दिवशी बसने हसनाबादला गेलो.

देवघरात बाळकृष्ण, खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा आपापल्या जागी होते, आणि त्यांच्यामध्ये एक पारदर्शक प्लास्टिकची डबी होती. केमिस्टकडे गोळ्यांना मिळते तशी. नंदा रोजच्यासारखी पूजा करत होती. लक्ष्मीला हात लावायचा नाही म्हटल्यावर तिने डबीलाच स्नान घातलं होतं आणि झाकणावर हळद-कुंकू वाहिलं होतं. झाकण आताच निम्मं लाल झालं होतं.

"देवाला श्वास घ्यायला तरी जागा ठिवायची," ती म्हणाली.

"आई, थोडे दिवस कळ काढ," कल्याण भाकरी मोडत म्हणाला. "एकदा शेठ येऊन गेले की झालं."

"झालं म्हंजे काय? लक्ष्मी गेली." ती माझ्याकडे वळली. "तुमीच सांगा भाऊ. इकायचीच आसंल तर शालूला दे म्हनते मी. पोरीला लग्नात काय दिलं आपण? तिच्यासाठी गळ्यातली एकदाणी ठिवल्ती, तीबी यांच्या दवाखान्यात मोडली."

शालू म्हणजे नंदाची मुलगी, बदनापूरला दिलेली. तिथे शिवणकाम करते. तिचे वडील काकासाहेब आजारी पडले तेव्हा नंदाच्या अंगावरचं सोनं एकेक करून गेलं, आणि शेवटी काकासाहेबही गेले.

"म्या कधी न्हाई म्हनलं?" कल्याण म्हणाला. "दागिना आसता तर म्याच नेऊन दिला आसता बदनापूरला, मोटारसायकलवर. बाईच्या अंगावरचं तिच्या लेकीला जातं, ते बराबर हाय. पण लक्ष्मी देवघरातली. ती घराची आसती. घरातली लक्ष्मी कोणी लेकीसंगं दुसऱ्याच्या घरी धाडतं का?"

"लेकीच्या घरी धाडायची न्हाई, अन् दुकानदाराच्या घरी धाडायची? हे कोणत्या पोथीत हाय?"

"दुकानदाराला इकली की पैसा घरात येतो. पैसा आला म्हंजे लक्ष्मी घरातच राह्यली. का ओ मामा?"

"तसं बघितलं तर…" मी म्हणालो, आणि चहाचा कप तोंडाला लावला. माझी बरीचशी वाक्यं आयुष्यभर इथेच संपत आली आहेत.

कल्याण मोसंबीला पाणी द्यायला मळ्यात गेला. त्याच्या मागे नंदाने डबी पाटावर ठेवली, समोर बसली आणि म्हणाली, "आता मला सांगा, पोराला काय काय सांगितलं ते. समदं."

मला बरं वाटलं हे कबूल केलं पाहिजे. लहानपणी मी काही वाचून सांगायला लागलो की नंदा उठून गाईला पाणी पाजायला जायची, गाईला तहान असो वा नसो. आज ती मांडी घालून बसली होती. मी झळाळी सांगितली, काठ सांगितला. तिने मान हलवली, पण तिचं लक्ष दुसरीकडे असावं असं वाटलं. भोकापाशी आलो तशी ती पुढे सरकली.

"भोक पडलं की किंमत जातीच म्हना की."

"हौशी लोकांपुरती जाते. सोन्याची किंमत कुठे जात नाही. सोनं ते सोनंच."

"ते खरं. अन् भोक कुठंबी आसलं तरी तेवढंच नुकसान?"

प्रश्न इतका नेमका होता की मला कौतुक वाटलं. "तसं नाही. अगदी काठाला, मोकळ्या जागेत असलं, तर एखादा हौशी माणूस जागा भरायला म्हणून घेतो. अक्षरांवर असलं तर वाईट. आणि सनावर असलं, तर संपलंच. सन गेला म्हणजे नाणं कोणत्या सालचं ते कळत नाही, आणि साल कळलं नाही म्हणजे ते दुर्मीळ की साधं हेही सांगता येत नाही."

"सन म्हंजे कुठं आसतो?"

मी डबी उघडली, आणि बोट न लावता आगपेटीच्या काडीने दाखवलं. "हे बघ, मिनारांच्या खाली. हे बारीक आकडे आहेत ना, तो हिजरी सन."

"हितं?"

"हो. बरोबर इथे."

ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, "अन् भाऊ, भोक भरून घेतलं तर? सोनार बेमालूम भरत्येत."

"त्याने आणखी वाईट. भरलेलं भोक जाणकाराला भिंगाखाली लगेच दिसतं. नुसतं भोक म्हणजे नुकसान, पण भरलेलं भोक म्हणजे फसवणूक."

"बिलकुल ध्यानात आलं," नंदा म्हणाली आणि उठली. "किती वाचलंय ओ तुमी! उगंच आम्ही तुमाला नावं ठिवायचो."

परतीच्या बसमध्ये मी हे वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. माणसाने ज्ञान जपून ठेवावं, एक ना एक दिवस त्याची कदर होते, असं काहीसं मला वाटलं. त्याच आठवड्यात नंदा डोळे दाखवायला म्हणून भोकरदनला येऊन गेली. माझ्याकडे मात्र आली नाही. बाजारात कोणीतरी सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं. कदर झाल्यावर तरी बहिणीने घरी यायला हवं होतं.

रविवारी जुगलकिशोर शेठ गाडी घेऊन आले. बारीक अंगाचे, पांढऱ्या सफारीतले, चपला अगदी ओळीत काढून ठेवणारे गृहस्थ. खिशात भिंग, हातात बॅटरीवरचा छोटा तराजू. कल्याणने मला आग्रहाने बोलावून घेतलं होतं. शेठसमोर आपल्या बाजूनेही एक जाणकार असावा, असं त्याला वाटत होतं.

"मास्तरसाहेब का हे?" शेठने विचारलं. मी कधी मास्तर नव्हतो, पण दुरुस्ती करायला लागलो की मला घाम येतो. मी मास्तर झालो.

"आमच्या मामांनी समदं सांभाळून ठिवायला लावलंय," कल्याण म्हणाला. "धुतली न्हाई, पुसली न्हाई, बोटसुदिक लावलं न्हाई कोणी."

"बहोत अच्छा. आजकाल लोक पितांबरी लावून आणतात हो. रडू येतं."

कल्याणने देवघरातून डबी आणली. आता झाकणच काय, सगळी डबीच हळद-कुंकवाने माखली होती. आतलं काही दिसत नव्हतं. शेठने तळहातावर रुमाल पसरला, काठाला धरून अलगद झाकण उघडलं आणि सवयीने भिंग डोळ्याला लावलं.

भिंग त्यांनी जरा लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. मग म्हणाले, "कल्याणभाऊ, हा सिक्का तर चालू आहे."

रुमालावर पाच रुपयांचं नाणं होतं. शेजारी कागदाची एक चिमुकली पुडी होती.

"आई!" कल्याण ओरडला. "आई, लक्ष्मी कुठंय?"

नंदा हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "वरडतो कशाला? पाव्हणे बसलेत." तिने पदराखालून एक काळा दोरा ओढला. दोऱ्याच्या टोकाला अशरफी होती. हळद-कुंकू साफ गेलेलं, सोनं पिवळंधमक. चारमिनार मात्र उलटा लटकत होता, मिनारांची टोकं जमिनीकडे.

कल्याण बसला. नेमका चहाच्या ट्रेवर बसला असता, त्याच्या बायकोने, सूनबाईने, वेळेवर ट्रे ओढला म्हणून बरं.

शेठ उठून तिच्याजवळ गेले. "मावशी, बघू का?"

नंदाने दोरा काढला नाही, नुसती पुढे झुकली. शेठला भिंग घेऊन वाकावं लागलं. ते पाहत राहिले, आणि मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो. मला आधीच कळलं होतं. कळूनही मी विचारलं, "सन?"

"गेला."

"पूर्ण?"

"पूर्ण. एक आकडा उरला नाही." ते सरळ झाले. "मास्तरसाहेब, इतकी वर्षं मी हे काम करतो. लोक सन वाचवून भोक पाडतात. हे तर सन शोधून पाडलंय."

"भाऊंनी सांगितलं तस्संच केलं," नंदा म्हणाली.

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सूनबाईनेही, आणि ती तर माझ्याकडे कधी पाहत नाही.

"म्हणजे मी तसं… मी उलट…" मी म्हणालो.

"मामा, तुमी!" कल्याण म्हणाला.

"भाऊंना नगं बोलू. माझं म्या नेलं सोनाराकडं," नंदा म्हणाली. "त्यो सोनारबी शहाणा. मला म्हनतो, मावशी, वरच्या अंगाला पाडतो, म्हंजे मिनार सुलटे दिसतील. म्या म्हनलं, न्हाई. खालच्या अंगाला, त्या बारीक आकड्यावर. त्यो म्हनतो, उलटं लटकंल, लोक हासतील. म्या म्हनलं, लोकाकडं कशाला बघू? म्या मान खाली घालून बघितलं की मला सुलटंच दिसतंय."

तिने मान खाली घातली आणि नाणं किंचित उचलून पाहिलं. तिच्या बाजूने ते खरंच सुलट होतं. मी इतकी वर्षं नाण्यांवर वाचलं, पण ती घालणाऱ्या बाईच्या बाजूने कशी दिसतात, हे माझ्या दोन्ही पुस्तकांत नव्हतं.

कल्याण सावरला. "भरून घेता यील ना शेठ? आजकाल लेझरनं करत्येत म्हनं."

"भरलं तर आणखी वाईट," नंदा म्हणाली. "हाय का न्हाई भाऊ? नुसतं भोक म्हंजे नुकसान, भरलं म्हंजे फसवणूक."

"असं मी म्हणालो होतो," मी म्हणालो. दुसऱ्याच्या तोंडून आपलं वाक्य इतकं स्पष्ट ऐकायची मला सवय नव्हती. वाक्य चांगलं होतं, हे मनात आलंच.

"बराबर बोलल्या मावशी," शेठ म्हणाले. त्यांनी तराजू पेटीत ठेवायला घेतला आणि मग पुन्हा बाहेर काढला. धंद्याच्या माणसाचा हात रिकामा परत जात नाही. "सोन्याच्या भावाने म्हणाल, तर आत्ता घेतो. वजन करू."

"घ्या मंग," कल्याण म्हणाला. "आई, काढ."

"गळ्यातलं काढून इकणार माझ्या? पाव्हण्यासमोर?"

"गळ्यातलं कधीपासून झालं ते? देवघरातली लक्ष्मी हाय ती!"

"व्हती. भोक पडलेला देव देवघरात ठिवत्येत का? खंडित झाली. गुरवाला इचार जा, मंग माझ्याशी बोल. आता ह्यो दागिना हाय. अन् बाईच्या अंगावरचा दागिना कोणाला जातो, ते तूच बोलल्ता. याच जागी बसून, भाकर खात. भाऊ व्हते इथं."

कल्याणने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मला दोन गोष्टी दिसल्या: मी साक्षीदार म्हणून खोटं बोलावं अशी विनंती, आणि मी ते करू शकणार नाही याची खात्री.

"तू म्हणाला होतास," मी म्हणालो. "मोटारसायकलवर नेऊन देईन असंही."

शेठ हसले. मोठ्याने नाही, पण खांदे हलले. मग ते परत बसले, चहा मागितला आणि भिंग पुसत म्हणाले, "कल्याणभाऊ, आता रागवू नका. आमच्या घरीही हेच झालं. माझ्या आजीकडे सात होत्या, सातही माळेत. एकीला तरी भोक नसावं! माझे वडील रडायचे. पण खरं सांगू? या आया-आज्यांनी पिढ्यानुपिढ्या भोकं पाडली, म्हणूनच बिनभोकाची इतकी महाग आहे. त्यांनी सगळ्या सांभाळून ठेवल्या असत्या, तर आज कोणी विचारलं नसतं. आजही एक कमी झाली, म्हणजे उरलेल्यांची किंमत वाढली."

"तुमच्याकडे आहे एखादी?" मी विचारलं. "बिनभोकाची?"

"आहे ना. दोन आहेत." त्यांनी चहाचा घोट घेतला. इतक्या चवीने चहा पिणारा आणि काहीही विकत न घेता परत जाणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही.

"अन् ही पुडी कशाची?" कल्याणने विचारलं. रुमालावरची कागदी पुडी अजून तशीच होती.

"भोकातलं सोनं," नंदा म्हणाली. "सोनार ठिऊन घेत व्हता, म्या मागून घेतलं. एक कण सोडला न्हाई. हे तुझं, कल्याण्या. घरातलं घरात राह्यलं पायजे. देवघरात ठिव, लक्ष्मी म्हनून."

शेठने पुडी उघडून तराजूत टाकली. तराजूने काही क्षण विचार केला आणि शून्याच्या जरा पुढे थांबला. कागदातला तो चिमूटभर पिवळा भुगा सोनं म्हणून अगदीच क्षुल्लक होता. तोच नाण्यात जागच्या जागी राहिला असता, तर प्लॉटचा इसार झाला असता. एवढ्याशा भुग्याला एवढी किंमत केवळ तो कुठे आहे यावरून येते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ते डोळ्यांना दिसतं, हे माहीत नव्हतं.

कल्याणने पुडी घेतली, कागदाची घडी पुन्हा नीट घातली आणि उभा राहिला. मला वाटलं, फेकतो आता. त्याने ती देवघरात अन्नपूर्णेशेजारी ठेवली, हात जोडले, आणि मळ्यात मोटार बघायची आहे असं सांगून निघून गेला. मोटार त्या वेळी चालू नव्हती, कारण वीज नव्हती. पण ते कोणी बोलून दाखवलं नाही.

शेठही निघाले. जाताना उंबऱ्यात थांबून नंदाला म्हणाले, "मावशी, एक विचारू? आधीच सांगितलं असतं, मुलीला द्यायची आहे म्हणून, तर मी कल्याणभाऊंना समजावलं असतं."

"तुमी व्यापारी," नंदा म्हणाली. "समजावल्यावर तुमीच घेतली आसती."

शेठने मान डोलावली. हा हिशेब त्यांना पटला.

शालूला नंदाने त्याच दिवशी बोलावलं होतं, हे मला ती आल्यावर कळलं. बदनापूरहून जालना, जालन्याहून इकडे, दोन बस बदलून, उन्हाने काळवंडून ती दुपारी आली. आईला काय झालं म्हणून घाबरीघुबरी. नंदाने तिला बसू दिलं नाही, पाणी पिऊ दिलं नाही. गळ्यातला दोरा काढला आणि तिच्या गळ्यात घातला.

"आई, हे काय? ही तर आपली लक्ष्मी!"

"आता न्हाई. आता तुझा दागिना."

"पण ही उलटी का?"

"घालून बघ. तुला सुलटी दिसती."

शालूने मान खाली घातली. मग ती वर करेना. नंदा तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणत राहिली, "रडती कशाला येडी, एकदाणी व्हती त्याच्यापरीस जड हाय." आपल्याला इथून उठता आलं तर बरं, असं मला वाटत होतं, पण दोघी दारात होत्या.

एवढ्यात कल्याण मळ्यातून परत आला. बहिणीच्या गळ्यात त्याला दिसायचं ते दिसलं.

"तू इथं कशी?" तो म्हणाला.

"आईनं बोलावल्तं."

"हं." त्याने डोक्यावरचा रुमाल काढला, पुन्हा बांधला. "काळ्या दोऱ्यात घालून बसमधी बसू नको. वढला तर तुटतो जल्दी. झंपरच्या आत घाल, अन् वरून पिन लाव." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तसं म्याच सोडतो बदनापूरला. एवढं सोनं घेऊन एकटी कशी जाशील? उगं तेवढ्या पायी जिवाला घोर."

"मोटारसायकलवर?" नंदाने विचारलं.

"मंग काय हेलिकॉप्टर हाय?" कल्याण खेकसला. शालू रडता रडता हसली.

मी भोकरदनला परतलो. माझ्या ज्ञानाने कोणाचं भलं झालं असेल तर ते माझ्या मनाविरुद्ध झालं, आणि मी काय सांगतोय हे मला कळत नव्हतं म्हणूनच झालं, एवढं मला कळून चुकलं. पुढे कोणी काही विचारलं तर पूर्वीसारखं "बघा वाचून" म्हणायचं, असं मी ठरवलं.

पण हसनाबादमध्ये गोष्ट पसरली होती. एके दिवशी नंदाच्या शेजारची गिरिजाबाई बाजाराच्या निमित्ताने माझ्या दारात आली. पायरीवर बसली, कनवटीची गाठ सोडली आणि रुमालातून एक चांदीचा रुपया काढला.

"नंदाबाईनं धाडलं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आमच्या सुनंची नजर हाय याच्यावर. मला लेकीला द्यायचाय. भोक कुठं पाडू तेवढं सांगा. लई नुकसान व्हावं असं."

मी भिंग आणलं. रुपया उन्हात धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला. अक्षरं झिजून सपाट झाली होती, काठाला दोन खाचा होत्या, आणि चिंचेने वर्षानुवर्षं घासून तो स्टीलच्या वाटीसारखा गुळगुळीत झाला होता. सन तेवढा कसाबसा वाचता येत होता, तोही साधाच, पोत्याने सापडणारा. मी तिला ते सांगितलं. आवाज शक्य तितका मऊ ठेवला.

"म्हंजे भोक पाडलं तर?"

"काही फरक पडत नाही."

"मधोमध पाडलं तरी?"

"तरी नाही."

"त्या सनावर?"

"कुठेही पाडा, गिरिजाबाई. याचं काही नुकसान होण्यासारखं राहिलेलं नाही."

तिचा चेहरा उतरला. तिने रुपया माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला, परत रुमालात बांधला.

"न्हाई, तुमी नीट बघितलं न्हाई," ती म्हणाली. "नंदाबाईचं किती झालं! थोडं तरी व्हईल की."

तिने रुमालाची गाठ परत सोडली, आणि मी पुन्हा भिंग लावलं.